अंगठा कशाला मागता? ऊसतोड टोळीसोबत फोटोंचा एक हंगाम

माझ्या कपाटात संमतिपत्रांचा एक गठ्ठा पडून आहे. चाळीस प्रती. वर शीर्षक, खाली 'माझी छायाचित्रे काढण्यास व प्रसिद्ध करण्यास माझी हरकत नाही', त्याखाली नाव, गाव, सही किंवा अंगठा. एकाही प्रतीवर सही नाही. अंगठाही कुणी दिला नाही. त्यांचं बरोबर होतं हे कळायला मला दोन महिने लागले.

मी पुण्यात एका छापखान्यात पानं लावायचं काम करते. फोटोग्राफी हा माझा पोटापाण्याचा धंदा नाही. माहेर कराडकडचं, त्यामुळे दिवाळी आली की रस्त्यावर उसाच्या गाड्या, बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज आणि शेताच्या कडेला उभ्या राहिलेल्या कोप्या, म्हणजे तोडकऱ्यांच्या तात्पुरत्या झोपड्या, हे लहानपणापासून पाहत आले. पाहत आले म्हणजे एसटीच्या खिडकीतून. २०२३ च्या हंगामात मी एका टोळीसोबत राहून त्यांचं काम टिपलं, आणि जून २०२४ मध्ये ते फोटो त्यांच्याच वाडीत लावले. या काळात कुणाकुणाची परवानगी लागते, कुठे अडायला होतं, खर्च किती येतो, हे मला सांगणारं कुणी भेटलं नाही. असं काही करायचं मनात असलेल्यांसाठी हे जसं घडलं तसं लिहून ठेवते आहे.

सुरुवात चुकीच्या दारातून केली. १२ ऑक्टोबर २०२३ ला कृष्णाकाठच्या एका साखर कारखान्याच्या कार्यकारी संचालकांच्या नावे अर्ज दिला: गव्हाण (ऊस गाळपाला टाकतात ती जागा) आणि गाडीतळावर छायाचित्रं काढायची परवानगी मिळावी. सोबत आधारची प्रत, छापखान्याच्या मालकांचं पत्र, कामाचा हेतू एका पानात. आवक क्रमांक घेतला. अर्ज दिला की पोच घ्यायची आणि त्यावर तारीख-शिक्का आहे का ते तिथेच बघायचं, ही सवय पुढे सगळीकडे उपयोगी पडली. ६ नोव्हेंबरला स्मरणपत्र दिलं. दिवाळीच्या तोंडावर फोन आला, 'गळीत सुरू झालंय, आता बाहेरच्या माणसाला आत सोडता येत नाही.' लेखी नकार शेवटपर्यंत आला नाही. महिना तसाच गेला. ऊसतोडीचं बहुतेक काम शेतात आणि रस्त्यावर चालतं. शेतासाठी शेतकऱ्याची परवानगी पुरते, आणि टोळीसाठी टोळीची. कारखान्याच्या आत काय दिसतं त्यावाचून माझं काही अडलं नाही.

मामांच्या शेतात त्या वर्षी बीड जिल्ह्यातली एक डोकी सेंटरची, म्हणजे मोळ्या डोक्यावरून वाहून गाडीत भरणारी, टोळी उतरणार होती. चौदा कोयते. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी; एकट्या माणसाला अर्धा कोयता म्हणतात. बालाघाटाच्या डोंगरातली वाडी, आणि तालुका त्या वर्षी सरकारनं दुष्काळ जाहीर केलेल्या ४० तालुक्यांपैकी एक. मामांनी मुकादमाचा, म्हणजे टोळी आणणाऱ्या ठेकेदाराचा, नंबर दिला. मुकादम फोनवर एवढंच म्हणाला, 'या की. पण कामात खोळंबा नको, आन् उचलीचं कुणाला इचारायचं न्हाई.' उचल म्हणजे हंगामाआधी घेतलेली आगाऊ रक्कम.

भाऊबीज आटोपून १८ नोव्हेंबरला शनिवारी मी शेतावर गेले. नदीकडेला मोकळ्या रानात वीसेक कोप्या. बांबूच्या कमानी, वर प्लास्टिकचा कागद आणि पाचट, म्हणजे उसाचा वाळका पाला, आत उभं राहता येत नाही एवढी उंची. कोप्यांच्या मधल्या चिंचोळ्या वाटेत चुली. कॅमेरा पिशवीतच होता, तरी एका मावशीनं पिशवीकडे बोट करून विचारलं,

"तूबी पिशवीचं इचाराया आलीस का?"

मला आधी वाटलं, माझ्या पिशवीबद्दलच विचारतायत. मग लक्षात आलं. २०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड बायकांची गर्भाशयं मोठ्या संख्येनं काढली गेल्याच्या बातम्या आल्या होत्या. राज्य सरकारनं नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती. त्या काळात वाड्यावस्त्यांवर कॅमेरे येऊन गेले. बायकांना उभं करून 'तुमची पिशवी कधी काढली' असं नवऱ्यासमोर, दिरासमोर, लेकरांसमोर विचारलं गेलं. या मावशींचा फोटो कुठेतरी छापूनही आला होता. त्यांनी तो पाहिला नव्हता. भाच्यानं मोबाइलवर पाहिला आणि गावभर झालं. त्या सांगत होत्या तेव्हा आवाज अजिबात चढला नव्हता, हात भाकरी थापत होते.

त्यानंतर मी संमतिपत्र काढलं. आता आठवलं की फार वाईट वाटतं, पण काढलं. पिशवीच्या मावशींच्या शेजारी बसलेल्या तरुण बाईनं वाचून बघितलं, तिला वाचता येत होतं. 'अंगठा' या शब्दावर तिचं बोट थांबलं.

"कागदावर अंगठा दिला की पैसे अंगावर येत्यात, ताई. मुकादमाच्या बाँडावर दिलाय की एकदा."

उचल घेताना स्टॅम्पपेपरवर सही-अंगठा होतो. एका कोयत्याला लाखाच्या आसपास किंवा त्याहून जास्त उचल, ती हंगामभर ऊस तोडून फेडायची, फिटली नाही तर पुढच्या वर्षी त्याच मुकादमाकडे यायचं. त्यांच्या आयुष्यात कागदाचा अनुभव एवढाच. त्यात मी आणखी एक कागद घेऊन गेले. शहरात शिकवणारे म्हणतात, लेखी संमती घ्या, म्हणजे तुम्ही सुरक्षित. सुरक्षित कोण होणार, हे त्या वाक्यातच लिहिलेलं आहे, ते मी तोवर नीट वाचलं नव्हतं.

पहिले चार दिवस कॅमेरा बाहेर काढला नाही. मी मामांच्या घरी झोपायचे आणि पहाटे तीनला रानात यायचे. बायका अडीच-तीनला उठतात. चूल, भाकरी, लेकरांचं, मग अंधारातच फडात, म्हणजे उसाच्या रानात. पुरुष कोयत्याला धार लावतात, तो दगडावरचा आवाज थंडीत लांबून ऐकू येतो. सहाला तोड चालू. पुरुष बुडख्याला कोयता घालतो, वाढं, म्हणजे हिरवा शेंडा, तोडतो, बाई मागे मोळ्या बांधते. वाढ्याचे चार पैसे वेगळे मिळतात म्हणून ते जपून बाजूला. ट्रॉली लागली की फळीवरून मोळी डोक्यावर घेऊन वर चढायचं. ट्रॉली रात्री अकराला लागली तर रात्री अकराला. या चार दिवसांत मी मोळ्या बांधायला बसले. मदत होईल असं काही नव्हतं, उलट माझ्या मोळ्या सुटत होत्या आणि मावशी त्या परत बांधत होत्या. पण कूस लागणं म्हणजे काय ते कळलं. उसाच्या पानाच्या देठावरची बारीक लव मनगटात, मानेत शिरते आणि रात्रभर झोंबते. बाया अंगावर नवऱ्याचा जुना फुलशर्ट का घालतात, तो त्याच्यासाठी.

पाचव्या दिवशी त्या वाचता येणाऱ्या तरुण बाईनं, तिला मी इथं धाकली म्हणते, विचारलं, "कॅमेरा बिघडलाय का?" त्या दिवसापासून काढायला लागले.

संमतीचं काय करायचं? पहिल्या खेपेला तोंडी विचारलं आणि ते फोनवर रेकॉर्ड करून ठेवलं, त्यांच्याच शब्दांत. 'व्हय, काढ, पण लेकरू दूध पितंय तवा नको.' 'काढ, पण आमच्या मालकाला इचार.' कुणाला काय नको हे वहीत नावासमोर लिहून ठेवायला लागले. हे रेकॉर्डिंग पुढे मला एकदा दाखवावं लागलं, तेव्हा चाललं. तारीख आणि जागा बोलून घ्यायची, एवढं लक्षात ठेवा.

थोडं तांत्रिक. माझ्याकडे जुना डीएसएलआर आणि ३५ मिमीची एक लेन्स. झूम लेन्स मुद्दाम नेली नाही, लांबून चोरून काढायचा मोहच नको. उभं राहून काढलं की वाकलेल्या माणसांच्या नुसत्या पाठी येतात. पहिल्या दोन दिवसांचे सगळे फोटो तसे आले, माणूस एकही ओळखू येत नव्हता. मग सरीत गुडघे टेकून काढायला लागले. गुडघ्याला जुन्या टॉवेलच्या पट्ट्या बांधायच्या, तोडलेल्या उसाचं खोड धारदार असतं, चप्पलसुद्धा फाडून आत जातं. बूट लागतात. टोळीत बूट कुणाच्याच पायात नव्हते. धूळ आणि चुलीची राख यामुळे लेन्स फडात बदलायची नाही. पहाटे फ्लॅश वापरला नाही. चुलीचा उजेड आणि डोक्याला बांधलेले सोलर दिवे, त्यावरच आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड पकडायची ताकद, ६४०० ला ठेवून काढलं. फोटोत दाणे आले, येऊ देत. चार्जिंगची सोय टोळीकडे नसतेच, एका चहाच्या टपरीवर दहा रुपयांत मोबाइल चार्ज होतात तिथं मीही बॅटऱ्या लावायचे. दुसरी बॅटरी घ्यावीच लागते.

नोव्हेंबरच्या शेवटी अवकाळी पाऊस आला. मी पुण्यात होते. धाकलीचा फोन आला, पीठ भिजलंय, कोप्या बसल्यात. मी शनिवारी पोचले तोवर कोप्या पुन्हा उभ्या राहिल्या होत्या, आणि वाळत टाकलेल्या गोधड्यांच्या रांगा होत्या. सगळ्यांत जास्त जपलेलं काय होतं, तर प्लास्टिकच्या तीन पिशव्यांत घडी घातलेली आधार कार्डं, रेशनकार्ड आणि लेकरांचे शाळेचे दाखले. ते उन्हात एकेक करून विटेखाली दाबून वाळवत होते. माझ्याकडे त्या दिवसाचा तेवढाच एक फोटो आहे.

तिथून आयकार्डाच्या फोटोंची गोष्ट सुरू झाली. ऊसतोड कामगारांची नोंदणी तेव्हा गावच्या ग्रामसेवकाकडे व्हायची, तीन वर्षं किंवा जास्त तोडीला जाणाऱ्यांना ओळखपत्र मिळतं. गोपीनाथ मुंडे यांच्या नावानं महामंडळ आहे, संत भगवानबाबांच्या नावानं लेकरांसाठी शासकीय वसतिगृहं आहेत. पण ही सगळी धडपड गावात करायची, आणि गावात माणसं असतात पाऊसकाळात चार-पाच महिने. अर्जाला फोटो लागतो. तालुक्याला जाऊन फोटो काढायचा म्हणजे एक दिवस आणि दोघांचे दीड-दोनशे रुपये. टोळीतल्या अर्ध्याअधिक बायांकडे स्वतःचा एकही फोटो नव्हता, आधारवरचा सोडून.

पिशवीच्या मावशी म्हणाल्या, "एवढं रोज खटखट करतीस, मपला एक कार्डाचा काढ की."

९ डिसेंबरच्या शनिवारी दुपारी मामांच्या घरून पांढरी चादर आणली, रिकाम्या ट्रॉलीच्या बाजूला बांधली. सावलीच्या बाजूला, म्हणजे डोळे बारीक होत नाहीत. पदर डोक्यावर चालतो, कपाळापासून हनुवटीपर्यंत चेहरा दिसायला हवा. आधी पाच-सहा जण येतील असं वाटलं. सगळी टोळी आली. शेजारच्या रानातल्या दुसऱ्या टोळीतली माणसं आली. बाया कोपीत जाऊन तोंड धुऊन, केस विंचरून, कुंकू लावून आल्या. एका आजोबांनी शर्ट मागून घेतला, तोच शर्ट पुढे चौघांच्या फोटोत आहे. पासपोर्ट आकार ३.५ बाय ४.५ सेंटिमीटर, चार बाय सहाच्या एका प्रिंटवर आठ बसतात, आणि साध्या प्रिंटचे माझ्याकडे दहा रुपये पडतात. म्हणजे माणशी दहा रुपयांत आठ फोटो. पुढच्या खेपेला कात्रीनं कापून, प्रत्येकाचे वेगळ्या लखोट्यात घालून नेले. एकूण ६१ जणांचे झाले.

त्या दिवसापर्यंत मला फोटो हवे होते, आणि ते देत होते. चादर बांधली तेव्हा पहिल्यांदा त्यांना फोटो हवे होते. असं काम करणाऱ्या कुणालाही मी एकच सांगेन, पांढरी चादर सोबत ठेवा. वस्ती पारध्यांची असो, डोंबाऱ्यांची असो, वीटभट्टीवरची असो, ज्यांच्याकडे कागद नाहीत त्यांना फोटो लागतो तो आधी कागदासाठी.

२३ डिसेंबरला सकाळी नऊच्या सुमाराला मी या कामातला सगळ्यांत चांगला फोटो काढला. असं मला तेव्हा वाटलं आणि आजही वाटतं. फळीवर धाकली, सातवा महिना, डोक्यावर मोळी, एक हात मोळीला, दुसरा पोटाखाली. मागून कोवळं ऊन, त्यात पाचटाची धूळ. खाली तिचा नवरा फळी दाबून धरून वर बघतो आहे. मी एकच फोटो काढला, दुसरा काढेपर्यंत ती वर गेली होती.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात तोडणीचा दर वाढल्याची बातमी आली, ३४ टक्के, टनाला २७३ रुपयांवरून ३६६. त्या दिवशी रात्री कोप्यांमध्ये हिशेब चालले होते. जोडीनं दिवसाला दोन-अडीच टन होतात. मुकादम, उचल, खाडे, सगळं वजा जाता हातात किती, यावर बायका पुरुषांपेक्षा भराभर आकडे सांगत होत्या. मी तो हिशेब वहीत लिहायला लागले तर मुकादमानं माझ्याकडे बघितलं. वही मिटली. टोळी त्याच्या हातात होती आणि माझ्यामुळे कुणाचा खाडा धरला जाऊ नये, एवढं भान ठेवावं लागतं. आपण रविवारी संध्याकाळी बसनं परत जातो.

संक्रांतीला, १४ आणि १५ जानेवारीला, मी १२० प्रिंट घेऊन गेले. कुणाकुणाचे आहेत त्याप्रमाणे गठ्ठे. तिळगुळासोबत वाटले. माणसं स्वतःला बघून आधी हसतात, मग एकदम गप्प होतात आणि नीट बघायला लागतात. नवरा बायकोचा फोटो बघतो, बायको नवऱ्याचा. 'एवढी वाळले का मी?' असं एक बाई स्वतःशीच म्हणाली. मग मी एकेकाला बाजूला घेऊन विचारायला लागले: हा फोटो कुठवर जाऊ देत? त्यासाठी तीन कप्पे केले होते. घरचा, म्हणजे फक्त तुमच्याकडे. गावचा, म्हणजे वाडीत लावला तर चालेल. जगाचा, म्हणजे पुण्यात, पेपरात, कुठेही. फोटोच्या मागे पेन्सिलनं घ, गा किंवा ज.

खरी संमती ती हीच. आधी विचारलेल्या 'काढू का' ला माणूस काय उत्तर देणार? आपण कसे दिसणार आहोत हेच त्याला माहीत नसतं. हातात फोटो धरून, रात्री कोपीत नवऱ्याला-सासूला दाखवून, दुसऱ्या दिवशी दिलेलं उत्तर वेगळं येतं. वीसेक जणांनी सकाळी कप्पा बदलून दिला.

धाकलीनं फळीवरचा फोटो खूप वेळ धरून ठेवला. कोपऱ्यातून, मधून, पुन्हा कोपऱ्यातून.

"चांगला आलाय," ती म्हणाली. "घरचा."

मी विचारलं, गावचासुद्धा नको?

"मपल्या मायला मी सांगितलंय, मी नुसत्या मोळ्या बांधायला बसते, वर चढत न्हाई. तिला हे दिसलं तर ती जेवायची न्हाई."

मी प्रिंटच्या मागे घ लिहिलं. मग ती म्हणाली, एक उभ्यानं काढ, कोयता न घेता, तो मायला देते. तो काढला. निळी साडी, मागे मामांची विहीर. तो फोटो तिच्या आईच्या घरात भिंतीवर आहे, मी पाहिला. फळीवरच्या फोटोची फाइल मी ठेवलेली नाही. धाकलीला एक प्रिंट दिली, कॅमेऱ्यातून आणि डिस्कवरून काढून टाकली. माझ्या ओळखीच्या एका फोटोग्राफरनं हे ऐकून कपाळावर हात मारला. 'असा एक फोटो लोकांना जागं करतो,' असं तो म्हणाला. करतही असेल. १९३६ मध्ये अमेरिकन छायाचित्रकार डोरोथिया लँग यांनी कॅलिफोर्नियात वाटाण्याच्या शेंगा तोडायला आलेल्या मजुरांच्या तळावर एका आईचा फोटो काढला, तो जगभर गेला. त्या बाईचं नाव लँग यांनी विचारलं नव्हतं. फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्पसन हे तिचं नाव लोकांना कळलं १९७८ मध्ये, आणि तेव्हा तिनं सांगितलं की त्या फोटोचा मला कधी एक पैसा मिळाला नाही, तो काढलाच नसता तर बरं. ४२ वर्षं जग तिला बघत होतं. मला धाकलीच्या आईच्या जेवणापेक्षा मोठं काही त्या फोटोत दिसत नव्हतं.

आपल्याकडे छायाचित्रकार सुधारक ओलवे यांनी मुंबईच्या सफाई कामगारांच्या फोटोंचं जे काम वर्षानुवर्षं केलं, त्यांना २०१६ मध्ये पद्मश्रीही मिळाली, त्याची ताकद मला तिथं पुन्हा पुन्हा जाण्यात दिसते. एका हंगामात मी त्याच्या उंबऱ्यापर्यंतही पोचत नाही.

लेकरांबद्दल एक गोष्ट ठळक सांगते. बारा-तेरा वर्षांच्या पोरी मोळ्या ओढताना दिसतात, धाकट्या भावंडाला काखेत घेऊन. कायद्याच्या विरुद्ध कामाला लागलेलं मूल बाल न्याय कायदा २०१५ प्रमाणे 'काळजी आणि संरक्षणाची गरज असलेलं' धरलं जातं, आणि कलम ७४ नुसार त्याची ओळख पटेल असा फोटो प्रसिद्ध करता येत नाही. आईबापांनी हो म्हटलं तरी नाही. मी अशा फोटोंत हात, पाय, पाठ एवढंच ठेवलं. चेहरे होते ते सगळे घरच्या कप्प्यात गेले.

मार्चअखेर पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला. टोळी गुढीपाडव्याच्या, म्हणजे ९ एप्रिलच्या आधी वाडीवर पोचली. धाकलीला फेब्रुवारीत मुलगी झाली होती, कराडच्या सरकारी दवाखान्यात, दोघी ठीक होत्या.

आता प्रदर्शन वाडीत लावायचं होतं. जागा जिल्हा परिषदेची शाळा, दोन खोल्या आणि एक ओटा. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात गेले. पुण्याहून बीड, बीडहून तालुका, तिथून वडापची जीप. ग्रामसेवकांनी सरळ सांगितलं, १६ मार्चपासून लोकसभेची आचारसंहिता आहे, आता सार्वजनिक कार्यक्रमाचं कुठलंच पत्र मिळणार नाही. बीडचं मतदान १३ मेला, निकाल ४ जूनला. तालुक्याच्या कार्यालयात गेले तर सही करणारे साहेब निवडणुकीच्या कामावर. तीन फेऱ्या झाल्या, तीन दिवसांची बिनपगारी रजा गेली. वाडीतल्या म्हाताऱ्यांनी तोडगा सुचवला, देवळात लावा, देवळाला कुणाचं पत्र लागतं? पण देवळात टोळीतल्या सगळ्यांनाच मोकळेपणानं येता आलं नसतं, हे धाकलीनं हळूच सांगितलं. म्हणून थांबले.

शाळेसाठी शेवटी तीन कागद लागले: मुख्याध्यापकांचं ना हरकत पत्र, शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव, आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांना दिलेल्या माहितीपत्राची पोच. स्पीकर लावणार नाही असं अर्जातच लिहिलं, त्यामुळे पोलिसांच्या परवानगीचा प्रश्न आला नाही. आचारसंहिता ६ जूनला उठली. शाळा १५ जूनला उघडणार होती. मधे एकच रविवार होता, ९ जून.

एकूण ५२ फोटो निवडले होते. त्यांतले १८ घरचे ठरले, ३४ गावचे. त्या ३४ मधले २१ जगाचे. ३४ फोटो बारा बाय अठरा इंचात छापले, आमच्याच छापखान्यात, मॅट कागदावर, एकाला ११० रुपये. फ्रेम केल्या नाहीत. वाडीत फ्रेम नेणं म्हणजे काच फुटणं, आणि नंतर त्या न्यायच्या कुठे? नायलॉनची दोरी आणि कपड्यांचे चिमटे. फोटोखाली ओळी लिहायच्या होत्या, त्यांचा मी पुण्यात बसून मसुदा केला होता, 'पहाटेचा संघर्ष' वगैरे. धाकलीनं वाचून खोडलं. तिनं सांगितलं ते लिहिलं: कुणाचा फड, कोणत्या महिन्यात, किती टन भरले. एका फोटोखाली 'या दिवशी ट्रॉली रात्री एकला भरली, भाकरी दोनला खाल्ली' एवढंच आहे.

९ तारखेला सकाळी अकराला लावले. दुपारी तीनला पाऊस आला, पहिलाच, जोरात. वाडी आनंदली आणि आम्ही ओट्यावरचे फोटो भराभर आत घेतले. दोन खोल्यांत सगळी गर्दी. वीज गेली. माणसं मोबाइलची बॅटरी पाडून एकेक फोटो बघत होती, उजेडाचा गोल चेहऱ्यावरून हातांवर, हातांवरून कोयत्यावर फिरत होता. घरी थांबलेल्या म्हाताऱ्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा आपली लेकरं काम करताना पाहिली. एक आजी सुनेच्या फोटोसमोर बसून राहिल्या. सूनबाई बाजूला उभ्या होत्या, त्यांना आजींनी पदरानं तोंड पुसायला सांगितलं, तोंडावर काहीच नव्हतं.

संध्याकाळी चिमटे काढायला गेले तर दोऱ्या रिकाम्या. ज्याचा त्यानं आपापला नेला होता. तसं करायचं मी ठरवलंच होतं, फक्त सांगायचं राहून गेलं होतं.

खर्चाचा हिशेब विचारणारे बरेच आहेत, म्हणून देते. प्रवास ७,४०० रुपये, कराडच्या नऊ खेपा आणि बीडच्या चार. १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, म्हणून एवढ्यात भागलं. चार बाय सहाचे ३१२ प्रिंट, ३,१२० रुपये. कार्डाचे फोटो ६१० रुपये. मोठे ३४ प्रिंट ३,७४० रुपये. दुसरी बॅटरी आणि मेमरी कार्ड ३,९०० रुपये. दोरी, चिमटे, झेरॉक्स, चहा, सगळं मिळून २,३५० रुपये. एकूण २१,१२० रुपये. बुडालेला पगार वेगळा. टोळीला मी पैसे दिले नाहीत, फोटोसाठी कुणी मागितलेही नाहीत. मागितले असते तर काय करायचं हे मात्र आधी ठरवून जावं.

जगाच्या कप्प्यातले २१ फोटो पुण्यात लावायचं चाललं आहे. एका कलादालनानं 'अजून थोडे बोलके हवेत' असं सांगितलं. बोलके होते ते घरी आहेत. आहेत तेवढ्यांवर जागा मिळाली तर लावीन.

दसऱ्याच्या आधी धाकलीचा फोन आला. मुलगी बसायला लागली आहे. यंदा टोळी इंदापूरकडे चालली आहे, मुकादम तोच. पिशवीच्या मावशींचं कार्ड झालं, नवऱ्याचं अडलंय, आधारवर आडनाव चुकलं आहे.

"येशील ना, ताई? येताना चादर आण. दोन नव्या जोड्या आल्यात, त्यांचे काढायचेत."